थोबाआडचा पट्टा

रियाधमधली माझी सगळी वर्षं लोकांच्या कमरेकडे बघण्यात गेली. चेहरे आता पुसट झालेत, कंबरा मात्र लख्ख आठवतात. कुणाची एका अंगाला कललेली, कुणाची गाडी चालवून चालवून आखडलेली, कुणाची पोटाखाली कुठे तरी हरवलेली. मी शिंपी नव्हतो आणि डॉक्टरही नव्हतो. तिकडचे पुरुष जो पायघोळ पांढरा झगा घालतात, थोब म्हणतात त्याला, त्या थोबाच्या आड पिस्तूल बाळगायचा चामडी पट्टा मी करत होतो. पट्टा आणि त्याला जोडलेलं पिस्तुलाचं घर, म्हणजे होल्स्टर.

हे सांगितलं की आमच्या मिरजेत समोरचा माणूस जरा मागे सरकून बसतो. म्हणून आधीच सांगतो. माझी गिऱ्हाइकं म्हणजे सरकारी परवाना असलेले रखवालदार. कुणी बँकेचा, कुणी एखाद्या बड्या घरातल्या म्हाताऱ्याचा अंगरक्षक. मी स्वतः आयुष्यात एक गोळी झाडली नाही. मापाला वापरायचं माझं पिस्तूलही लाकडाचं होतं. वजन खरं वाटावं म्हणून त्याच्या पोटात शिसं ओतलेलं होतं एवढंच.

वडील मिरजेत टांग्याच्या घोड्यांचे साज करायचे. तंग, लगाम, गळपट्टे. ते म्हणायचे, "घोडं बोलत नाही. साज उतरवला की त्याच्या पाठीवर हात फिरवायचा. केस कुठं उडालेत ते बघायचं." टांगे गेले, साज गेले. मी एका एजंटामार्फत रियाधला बॅगांच्या कारखान्यात गेलो. तो कारखाना बंद पडला तेव्हा अबू सालेह नावाच्या गृहस्थांनी माझा इकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, आपल्या नावावर करून घेतला आणि ते माझे कफील, म्हणजे जामीनदार मालक झाले. बत्हा बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं गणवेशाचं दुकान होतं. बूट, टोप्या, शिट्ट्या, बिल्ले. स्वतः सैन्यातून निवृत्त झालेले. उंच, किडकिडीत, बोलणं कमी आणि कॉफी फार. त्या वर्षांत शहरात जरा भीतीचं वातावरण होतं. मोठ्या वसाहतींच्या फाटकांसमोर काँक्रीटचे ठोकळे आले होते, हॉटेलांच्या दारात गाड्यांखाली आरसे फिरवून बघत. रखवालदार वाढले आणि दुकानाच्या मागच्या खोलीत माझी चामडं कापायची रापी अन् टोचायची आरी दिवसभर चालू लागली.

आता हा धंदा थोडा समजावून सांगतो, कारण पुढची गोष्ट त्यावाचून कळायची नाही. पँट-शर्टावर पिस्तूल लपवणं तसं सोपं. थोबात अवघड. वरून पट्टा बांधायचा नाही, कापड पातळ, रंग पांढराशुभ्र. काळं चामडं लावलं तर दुपारच्या उन्हात आतून सावलीसारखं दिसतं, म्हणून मी न रंगवलेलं फिकट चामडं वापरायचो. घामाने चामडं भिजतं, भिजलं की ताणतं, वाळलं की आकसतं, म्हणून अंगाकडच्या बाजूला दुसरा मऊ थर. पिस्तूल वेळेला हाताशी यायला हवं, म्हणून थोबाच्या बाजूच्या शिवणीत फट ठेवून तिला टिचबटणं. एवढं सगळं केलं तरी खरा प्रश्न राहतोच. हे धूड माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत अंगावर वागवणार. ते बोचलं तर तो दर घटकेला तिथे हात नेणार. आणि रखवालदाराने एकाच जागी सारखा हात नेला की पिस्तूल कुठे आहे ते साऱ्या गल्लीला कळलंच.

म्हणून अबू सालेह यांचा एक नियम होता. अंगावर घालून बघितल्याशिवाय विकायचं नाही. आणि घालून बघायचं म्हणजे आरशासमोर उभं राहायचं नाही. उभ्या माणसाला कुठलाही पट्टा बरा वाटतो. त्यांनी एका मोडीत काढलेल्या गाडीची सीट आणून मागच्या खोलीत पक्की बसवली होती. आधी त्या सीटवर बसायचं. मग शेजारच्या सतरंजीवर जेवायला बसतात तशी मांडी घालायची. आणि शेवटी नमाज.

ही नमाजाची परीक्षा मला आधी माहीत नव्हती. सुरुवातीला मी केलेला एक पट्टा अबू सालेह यांनी स्वतः बांधला आणि मला म्हणाले, "दत्ता, इकडे बस. बघ." ते सावकाश वाकले, गुडघे टेकले, कपाळ जमिनीला लावलं. तिथेच थांबून जमिनीकडे तोंड करून मला म्हणाले, "आता हात लावून बघ कुठे रुतलंय." मी चाचपडलो. पिस्तुलाचा दस्ता त्यांच्या बरगडीखाली सरळ घुसला होता. ते उठले. "माझा रखवालदार दिवसातून पाच वेळा देवापुढे वाकतो. तेव्हा त्याला तुझी आठवण यायला नको." त्या दिवसापासून मी माणूस कुठे कुठे दुमडतो ते शिकलो.

गिऱ्हाइकं खोटं बोलत, हा मोठा त्रास. घोडं बरं. एक नवा भरती झालेला रखवालदार होता, छातीबिती फुगवून आलेला. सीटवर बसला, "मुरीह." मांडी घातली, "मुरीह." मुरीह म्हणजे आरामशीर. चेहरा मात्र जोडा चावल्यासारखा. अबू सालेह यांनी कॉफी मागवली, खजूर मागवले, त्याच्या गावाची, काकांची, उंटांची चौकशी सुरू केली. दुसरा पेला होईतो पोरगा उजव्या कुल्ल्यावरून डाव्यावर, डाव्यावरून उजव्यावर. शेवटी रडकुंडीला येऊन म्हणाला, "काका, हे काढू का?" अबू सालेह माझ्याकडे बघून म्हणाले, "यल्ला, चल दत्ता, आता माप घे."

एकदा तर गिऱ्हाईक दिसलंच नाही. बायकांच्या लग्नाच्या हॉलवर बंदोबस्त करणारी एक बाई होती. तेव्हा कॅमेऱ्याचे मोबाइल नुकतेच आले होते आणि बायकांच्या समारंभात ते न्यायला सक्त मनाई. ते हुडकायचं काम तिचं. तिला पिस्तूल नको होतं. वॉकीटॉकी आणि टॉर्च लग्नाच्या झगमगीत पोशाखात दिसणार नाही असं हवं होतं. मी तिला माप घ्यायला हात लावणं सोडाच, बघणंही शक्य नव्हतं. मग पडद्याआड ती, पडद्याबाहेर मी, आणि मध्ये पट्टा घेऊन येरझाऱ्या घालणारा तिचा भाऊ. ती आतून ओरडायची, "वर! अजून वर! मला यात नाचता यायला हवं!" भाऊ लाजून लाल. "ताई, तू तिथे कामाला जातेस ना?" आतून उत्तर आलं, "नाचले नाही तर सगळ्यांना कळेल मी कामाला आलेय." तिचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. तो पट्टा झकास झाला.

आता मिसफरची गोष्ट.

मिसफर हा दक्षिणेकडच्या अब्हाच्या डोंगरातला. चाळिशीचा, धिप्पाड, आवाज मात्र हळू. एका वृद्ध व्यापाऱ्याचा तो अंगरक्षकही आणि ड्रायव्हरही. घरात सगळे त्या वृद्धांना बाबा म्हणत, मीही इथे बाबाच म्हणतो. बाबांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. डाव्या बाजूला ना हालचाल ना संवेदना. बोलत, पण एकेक शब्द ओढून आणल्यासारखा.

मिसफर आला तो परदेशातून मागवलेला पट्टा घालून. पुस्तकातलं चित्र बघून मागवलेला. चामडं उत्तम, शिलाई मी हात जोडावेत अशी. पण तो म्हणाला, "सदीक," म्हणजे दोस्ता, "गाडी चालवताना मांडी बधिर होते. बघ जरा."

मी त्याला सीटवर बसवलं. खरंच पट्ट्याची कड जांघेवर दाबत होती. मांडी घालून बघितली, वाकून बघितलं. पिस्तूल उजव्या कुशीवर पुढच्या अंगाला होतं आणि दस्ता बाहेर डोकावत होता. माझ्या डोक्यात दुरुस्ती तयार झाली. पण वडिलांची सवय. घोडं दिवसभर काय करतं ते विचारल्याशिवाय साज शिवू नये.

"मिसफर, दिवसभर तू काय काय करतोस?"

"गाडी चालवतो. दार उघडतो. उभा राहतो. बाबांना चाकाच्या खुर्चीतून गाडीत ठेवतो, गाडीतून खुर्चीत."

"ठेवतोस म्हणजे?"

"उचलून."

"मग मला उचल."

तो हसला. मी सीटवर बसलो, डावं अंग सैल सोडलं. मिसफर समोर आला, वाकला, माझ्या दोन्ही काखांतून हात घातले आणि मला छातीशी धरून एका झटक्यात वर घेतलं. माझ्या डाव्या बरगड्या त्याच्या कमरेवरून घासत वर गेल्या आणि पिस्तुलाचा दस्ता असा काही लागला की मी मिरजेतल्यासारखा ओरडलो, "आई गं! मेलो!"

पुढच्या दुकानात बसलेले अबू सालेह खो खो हसले. मीही कळवळत हसत होतो. मिसफर हसला नाही. त्याने मला अगदी हळू परत सीटवर ठेवलं. मग म्हणाला, "शर्ट वर कर."

मी केला. बरगडीवर लालभडक उठलं होतं. एका बाजूला गोल, एका बाजूला सरळ. तो ते बघत राहिला आणि मग मटकन नमाजाच्या चटईवर बसला.

"अय्यूब," तो म्हणाला.

मला काही कळेना. अबू सालेह आत आले. मिसफरने मान खाली घालून जे सांगितलं ते असं. बाबांची आंघोळ, औषधं, खाणं-पिणं बघायला घरात एक हिंदी, म्हणजे भारतीय सेवक होता, अय्यूब. काही आठवड्यांपूर्वी बाबांच्या डाव्या बरगड्यांवर काळेनिळे डाग दिसले. एक जायचा तोवर दुसरा. बाबांना त्या अंगाला काही जाणवतच नाही, ते काय सांगणार? थोरला मुलगा नासर चिडला. त्याने घरातल्या सगळ्या नोकरांना उभं केलं आणि त्यांच्यासमोर अय्यूबला विचारलं, बाबांना मारतोस का? अय्यूब शपथा घेऊन नाही म्हणाला. मग नासरने मिसफरला विचारलं, बाबांना आणखी कोण हात लावतं?

"मी म्हणालो, मी गाडीपुरता. बाकी सगळं अय्यूब," मिसफर म्हणाला. "खोटं नव्हतं बोललो. पण माझ्या बोलण्यानेच त्याचं ठरलं. त्याला कायमचं परत पाठवतायत. कागद झालेत."

मला त्या न पाहिलेल्या माणसाचं वाईट वाटत होतं. गरिबीने परत गेलेल्या माणसाला गाव सांभाळून घेतं. पण असा ठपका घेऊन परतलेल्याने काय सांगायचं? दुसरीकडे मिसफर समोर बसला होता. ज्याला जपायला त्याला ठेवलं, त्यालाच तो रोज इजा करत होता. हे सांगितलं तर नोकरी जाणार, पिस्तुलाचा परवानाही जाणार. गावाकडे मोठं खटलं. तो स्वतःशीच पुटपुटला, "कागद झालेत आता. खलास."

परक्या मुलखात आपण कारागीर माणसं फार बोलत नाही. पण माझी बरगडी ठणकत होती. मी म्हणालो, "मिसफर, ही खूण उद्या निळी होईल. आमच्या खोलीवरचे विचारतील, कुणी केलं? मी काय सांगू?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागावला असं मला वाटलं. अबू सालेह यांनी कॉफीचा पेला त्याच्यासमोर ठेवला. त्याने तो घेतला नाही. पिस्तूल पट्ट्यातून काढून रुमालात गुंडाळलं, पट्टा हातात घेतला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर दुकानं उघडत होती तेव्हा आमच्या अरुंद गल्लीत दोन मोठ्या गाड्या शिरल्या. शेजारचा घड्याळवाला बाहेर येऊन बघायला लागला. पहिल्या गाडीतून नासर उतरला. पन्नाशीचा, कडक इस्त्रीचा, डोळ्यांत झोप नसलेला. दुसऱ्या गाडीतून मिसफर. त्याने बाबांना खुर्चीत बसवलं आणि खुर्ची ढकलत आत आणली एका सावळ्या, बारीक माणसाने. खाली बघतच तो आला आणि कोपऱ्यात भिंतीला लागून उभा राहिला.

नासर उभ्याउभ्याच अबू सालेह यांना म्हणाला, "हा मिसफर काल घरी येऊन काहीतरी सांगतोय. मला वाटतं त्याला त्या हिंदीची दया आलीय, म्हणून दोष स्वतःवर घेतोय. म्हणाला, दुकानात या आणि बघा."

अबू सालेह माझ्याकडे वळले. मी शर्ट वर केला.

ती खूण आता चांगली पिकली होती. एका बाजूला गोल, एका बाजूला सरळ. नासर जवळ आला. मग तो बाबांपाशी गेला, वाकून त्यांच्या कानाशी काही बोलला, त्यांच्या थोबाची बटणं काढली आणि कुशीवरचं कापड बाजूला केलं. मी मान वळवली. पण एका क्षणात दिसायचं ते दिसलं होतं. डाग जुना होता, पिवळा पडत चाललेला, आकार तोच.

नासरने बाबांची बटणं लावली. मग तो सरळ झाला आणि मिसफरला म्हणाला, "पिस्तूल ठेव इथे."

मिसफरने रुमालात गुंडाळलेलं पिस्तूल आणि पट्टा माझ्या फळीवर ठेवला. रापीशेजारी.

तेवढ्यात बाबांनी उजव्या हाताने खुर्चीच्या दांडीवर चापट मारली. सगळे वळले. बाबा बोलू लागले, एकेक शब्द करत. "याला... ठेवलाय... कशाला?" त्यांनी मिसफरकडे पाहिलं. "माझ्या वाटची... गोळी... खायला." थोडं थांबले. घोट गिळला. "मी... त्याच्या हातचा... एक डाग... खाल्ला. झालं काय?"

अबू सालेह यांनी डोळे टिपले की नाक, ते मला कळलं नाही. पण बाबांचं झालं नव्हतं. त्यांनी हात उचलून कोपऱ्यातल्या माणसाकडे बोट केलं. "तू... त्याला बोलला होतास... सगळ्यांसमोर. आता... बोल."

नासरचा चेहरा पडला. घरचे नोकर तिथे नव्हते, पण आम्ही होतो, दारात घड्याळवाला होता. एका बड्या माणसाला ते सोपं नव्हतं आणि त्याने ते टाळलं नाही, हे मी कबूल करतो. तो कोपऱ्याकडे गेला, छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "अय्यूब, सामिहनी." मला माफ कर.

अय्यूब पुतळ्यासारखा उभा. त्याची नजर भिरभिरत माझ्यावर आली. मी हिंदी आहे हे त्याला दिसत होतं. तो हिंदीत बोलायला गेला, आणि तोंडून निघालं ते भलतंच.

"काय म्हणायचं असतं हो आता ह्याला?"

मराठी! मी उडालोच. "अहो, कुठले तुम्ही?"

"दापोलीकडचा."

"मी मिरजेचा. काही म्हणू नका. खुर्चीचा ब्रेक लावा आधी, बाबा मागे सरकतायत."

त्याने धावत जाऊन ब्रेक लावला, बाबांचा पाय पावठ्यावर नीट ठेवला, आणि तिथेच खाली बसून बाबांच्या गुडघ्याला धरून रडायला लागला. बाबा त्याच्या डोक्यावर थोपटत राहिले.

अय्यूबचे परतीचे कागद रद्द झाले. मिसफरची नोकरी राहिली, पिस्तूलही परत मिळालं. मिसफरचा पट्टा रद्द झाला आणि नवा करायचं काम माझ्याकडे आलं. असं काम मला पूर्वी कधी पडलं नव्हतं. एका पट्ट्याने दोन माणसांना सुख द्यायचं होतं, आणि त्यांतल्या एकाला अर्ध्या अंगात दुखतंय की नाही हे कळतच नव्हतं. तेव्हा बोलण्यावर विसंबायचं नाही. हात फिरवून, कातडी बघून ठरवायचं. आमचं घराण्याचंच काम की ते!

बाबा मापाला स्वतः यायचे. नासर आधी म्हणाला, त्यांच्याऐवजी कुणालाही उचला. बाबांनी ऐकलं नाही. मिसफर त्यांना खुर्चीतून सीटवर ठेवी, सीटवरून खुर्चीत. दर खेपेला अय्यूब थोबाच्या आत हात घालून बाबांची कूस तपासायचा आणि मला मराठीत सांगायचा, "लागतंय अजून. वरच्या कडेला." मी काढून पुन्हा कापायचो. पिस्तूल हळूहळू पाठीमागे सरकवत नेलं, दस्ता आत वळवला, त्यावर कोकराच्या चामड्याची मऊ झडप दिली. ती झडप इतकी पातळ तासली की रापी धरलेला हात दुसऱ्या दिवशी उचलेना. बाबांना मोडीतल्या गाडीची ती सीट फार आवडली. एकदा उठायलाच तयार होईनात. "माझी... पहिली गाडी... अशीच होती," म्हणाले, आणि कधीतरी वाळवंटात रुतलेल्या त्या गाडीची गोष्ट सांगू लागले. ती संपेपर्यंत अबू सालेह यांनी दुकानात गिऱ्हाईक घेतलं नाही.

शेवटच्या खेपेला मिसफरने उचललं, अय्यूबने हात फिरवला आणि म्हणाला, "कायसुद्धा नाय." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "मुरीह," ते म्हणाले. हा शब्द मी त्या दुकानात हजारदा ऐकला असेल. त्या वेळचा वेगळा होता.

त्याहून चांगलं काम माझ्या हातून झालं नाही. पुढे साच्यातली प्लॅस्टिकची होल्स्टर आली. हलकी, घामाला दाद न देणारी, टिकाऊ. गिऱ्हाईक डब्यावरचा मापाचा आकडा वाचायचं आणि डबा उचलून चालू पडायचं. सीटवर धूळ साचू लागली. अबू सालेह थकले, त्यांच्या मुलांना दुकान नको होतं. बाबा गेल्याचं मला अबू सालेह यांच्याकडून कळलं, आणि मिसफर डोंगरात परत गेल्याचंही. त्याचा निरोप घेता आला नाही याची चुटपुट आहे. मग मीही आलो. मिरजेत आता पट्टे नाहीत. शाळेची दप्तरं दुरुस्त करतो, तबलजींच्या वाद्या बघतो. बरं चाललंय. पण दुपारच्या अजानला बत्ह्यातली शटरं एकदम खाली येत आणि सगळी गल्ली घटकाभर गप्प होई, ती शांतता अजून कानात आहे.

अय्यूबभाईंशी मात्र संबंध राहिला. दोन वर्षांपूर्वी पत्नीला घेऊन मी त्यांच्या दापोलीकडच्या घरी गेलो. दाराशी काजूचं झाड, ओटीवर झोपाळा. आमची तिकडची बोलणी संपेनात. वहिनींनी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुरमईचं कालवण केलं होतं. जेवून ओटीवर बसलो तेव्हा मी सहज, जरा फुशारकीनेच विचारलं, "काय हो, माझा तो पट्टा शेवटपर्यंत टिकला ना? बाबांना कधी पुन्हा लागलं नाही ना?"

अय्यूबभाई माझ्याकडे बघून संकोचले. "खरं सांगू? रागावणार नसाल तर."

"सांगा की."

"पट्टा झकास होता. मिसफर रोज बांधायचा. पण बाबांना उचलताना कधी त्यात पिस्तूल नसायचं."

"म्हणजे?"

"गाडीजवळ आलो की आधी गोळ्या काढायचा, मग पिस्तूल बाहेर काढायचा, रुमालात गुंडाळायचा आणि माझ्या हातात द्यायचा. मग दोन्ही हात मोकळे करून बाबांना उचलायचा. मी पहिल्यांदा घाबरलो. म्हटलं, मिसफरभाई, हे नियमात बसत नाय, कुणी बघितलंन तर दोघंही आत जाऊ. खाली ठेव ना कुठंतरी. तर म्हणाला, खाली नाही ठेवत. तू धर."

"रोज?"

"रोज. बाबा जाईपर्यंत."

मी झोपाळ्याची कडी धरून बसलो. हात उचलेनासा होईस्तोवर तासलेली ती कोकराच्या चामड्याची झडप मला आठवत होती. थोडं लागलं मनाला, नाही म्हणत नाही. अय्यूबभाईंनी मात्र दोन्ही हात पुढे धरले होते, ओंजळ करून, आणि त्या रिकाम्या ओंजळीकडे ते बघत होते.

"जड असायचं हो," ते म्हणाले. "पण मी कधी दुसऱ्याला धरू दिलं नाय."